कामावर घेण्याआधी: ब्रिटनमधल्या छोट्या मालकांसाठी ‘राइट टू वर्क’ तपासणीची सविस्तर माहिती

ब्रिटनमध्ये टेकअवे, किराणा दुकान, टिफिन सर्व्हिस, नर्सरी किंवा चार जणांची आयटी कंपनी चालवणाऱ्या मराठी माणसाकडे कामाला येणारा बहुतेक वेळा ओळखीतूनच येतो. कुणाचा तरी भाचा लेस्टरला मास्टर्स करत असतो, कुणाच्या बायकोला डिपेंडंट व्हिसावर चार तासांचं काम हवं असतं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘शनिवार-रविवारी कुणी आहे का?’ असं टाकलं की संध्याकाळपर्यंत तीन फोन येतात. मालक म्हणतो, ‘ये शनिवारी, कागदपत्रं बघू नंतर.’

इथला कायदा अडकवतो तो या ‘नंतर’मध्ये. ‘राइट टू वर्क’, म्हणजे कामाच्या हक्काची तपासणी काम सुरू होण्याआधी झालेली हवी. पहिली शिफ्ट संपल्यावर केलेली तपासणी कितीही काटेकोर असली तरी त्या शिफ्टसाठी तिचा उपयोग नाही.

कायदा मालकाकडून काय मागतो

मूळ कायदा 2006 चा, लागू झाला 29 फेब्रुवारी 2008 पासून. ज्याला ब्रिटनमध्ये ते काम करण्याचा हक्क नाही अशा व्यक्तीला नोकरीवर ठेवलं, तर मालकाला सिव्हिल पेनल्टी, म्हणजे दिवाणी दंड होतो. 13 फेब्रुवारी 2024 पासून पहिल्या वेळी हा दंड एका कामगारामागे 45,000 पौंडांपर्यंत आणि पुन्हा सापडल्यास 60,000 पौंडांपर्यंत आहे. त्याआधी हेच आकडे 15,000 आणि 20,000 होते. ‘एका कामगारामागे’ हे नीट वाचा. स्वयंपाकघरात तिघं सापडले तर हिशोब तिघांचा होतो.

माहीत असून, किंवा शंका यायला सबळ कारण असून ठेवलं, तर प्रकरण फौजदारी होतं. त्यात पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय दंड झालेल्या मालकांची नावं होम ऑफिस, म्हणजे ब्रिटनचं गृहखातं, प्रसिद्ध करतं. दारूचा किंवा रात्री उशिरा खाणं विकण्याचा परवाना असेल तर तोही धोक्यात येतो. परदेशातून माणसं आणण्यासाठी स्पॉन्सर लायसन्स घेतलेलं असेल तर तेही जाऊ शकतं, आणि मग तुमच्याकडे कायदेशीरपणे काम करणाऱ्या बाकीच्यांचे व्हिसाही लटकतात.

आता यातली बारीक गोष्ट. स्पॉन्सर लायसन्स नसलेल्या साध्या मालकाने तपासणी केली नाही, पण माणसाला हक्क होता, तर दंड होत नाही. तपासणी केली आणि माणसाने दाखवलेला कागद बनावट निघाला, पण ते साध्या नजरेला कळण्यासारखं नव्हतं, तरीही दंड होत नाही. कारण ठरलेल्या पद्धतीने केलेली तपासणी मालकाला कायदेशीर बचाव मिळवून देते. म्हणजे ही सगळी खटपट आहे ती तुमच्या स्वतःच्या बचावाचा पुरावा तयार करण्यासाठी. कामगाराला पकडणं हे तुमचं काम नाही. एवढं लक्षात आलं की पुढचे सगळे नियम सोपे वाटायला लागतात. कोणता कागद, कुणी पाहिला, कोणत्या तारखेला, आणि त्याची प्रत कुठे आहे, एवढेच प्रश्न उरतात. ‘मी त्याच्या वडिलांना ओळखतो’ हे यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर होत नाही.

तीन रस्ते, त्यातला कोणता कुणासाठी

ब्रिटिश आणि आयरिश नागरिकांसाठी पासपोर्ट हातात घेऊन तपासणी चालते. ब्रिटिश पासपोर्टची मुदत संपलेली असली तरी हरकत नाही. पासपोर्टच नसेल तर ब्रिटनमधला जन्मदाखला आणि त्यासोबत नॅशनल इन्शुरन्स नंबर व नाव असलेला सरकारी कागद, असे दोन्ही लागतात. नुसता नॅशनल इन्शुरन्स नंबर म्हणजे कामाचा हक्क नव्हे. ड्रायव्हिंग लायसन्सही नव्हे. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की नवीन आलेली मुलं मुलाखतीला नंबरचं पत्रच घेऊन येतात आणि मालकही मान डोलावतात.

दुसरा रस्ता डिजिटल. प्रमाणित ओळख-सेवा कंपनी पैसे घेऊन ब्रिटिश किंवा आयरिश पासपोर्टची तपासणी करून देते. इथे मात्र पासपोर्ट चालू मुदतीचाच लागतो. कंपनीने हिरवा कंदील दाखवला तरी समोर आलेला माणूस तोच आहे ना, हे बघण्याची जबाबदारी तुमचीच राहते. वर्षाला दोन माणसं घेणाऱ्या दुकानाला याची गरज नाही असं माझं मत. पासपोर्ट हातात घेऊन बघणं फुकट आहे.

तिसरा रस्ता शेअर कोडचा. भारतातून आलेल्या जवळजवळ सगळ्यांसाठी हाच लागतो. जुनी गुलाबी-निळसर बीआरपी कार्डं, म्हणजे परदेशी नागरिकांची वास्तव्य-परवाना कार्डं, बहुतेक सगळी 31 डिसेंबर 2024 ला संपली आणि त्यांची जागा ईव्हिसाने, म्हणजे व्हिसाच्या ऑनलाइन नोंदीने घेतली. तसं बीआरपी कार्ड हातात घेऊन तपासणं 6 एप्रिल 2022 पासूनच बाद झालं होतं. कुणी अजूनही कार्ड पुढे केलं तर ते परत द्या आणि शेअर कोड मागा.

शेअर कोड तपासताना

कामगार आपल्या यूकेव्हीआय (ब्रिटनचा व्हिसा विभाग) खात्यात ऑनलाइन जाऊन ‘काम’ हे कारण निवडतो आणि नऊ अक्षर-अंकांचा कोड काढतो. कामासाठीचा कोड ‘डब्ल्यू’ने सुरू होतो. ‘आर’ने सुरू होणारा कोड घर भाड्याने घेण्यासाठीचा असतो. खोली शोधताना काढलेला तोच कोड बरीच मुलं नोकरीसाठी पुढे पाठवतात. तो चालत नाही, नवा काढायला सांगा. कोड 90 दिवस चालतो.

कोड आणि जन्मतारीख घेऊन तुम्ही स्वतः सरकारी संकेतस्थळाच्या मालकांसाठीच्या पानावर जायचं. इथेच सगळ्यात जास्त घसरगुंडी होते. मुलगा आपला मोबाइल पुढे करतो, त्यात त्याच्या खात्याचं पान उघडलेलं असतं, फोटो असतो, तारीख असते. ते पान कितीही खरं दिसलं तरी ती तपासणी होत नाही. त्याने पाठवलेली पीडीएफ किंवा स्क्रीनशॉट, तीच गत. तपासणी धरली जाते ती मालकांच्या पानावर, तुम्ही किंवा तुमच्या वतीने तुमच्याच कर्मचाऱ्याने केलेली. अकाउंटंटवर हे काम ढकलू नका. त्याने केलेल्या ऑनलाइन तपासणीने तुम्हाला बचाव मिळत नाही.

पान उघडल्यावर चार गोष्टी बघायच्या.

1. फोटो. तो समोरच्या माणसाशी, किंवा व्हिडिओ कॉलवर दिसणाऱ्या चेहऱ्याशी, जुळतो का. हे पडताळल्याशिवाय तपासणी पूर्ण होत नाही.
2. काम करण्याची परवानगी आहे का, आणि असेल तर कोणत्या अटींवर: तासांची मर्यादा, ठरावीक स्पॉन्सर, ठरावीक काम.
3. परवानगी कधीपर्यंत. ही तारीख लगेच कॅलेंडरमध्ये टाका, दोन महिने आधीच्या आठवणीसह.
4. नाव. भारतीय पासपोर्टवर बहुधा ‘स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव’ असतं, अर्जात मुलगा फक्त नाव-आडनाव लिहितो, आणि लग्न झालेल्या बाईंच्या पासपोर्टवर माहेरचं नाव तर बँकेत सासरचं असतं. फरक असेल तर कारण विचारा आणि लग्नाचा दाखला किंवा नावबदलाचा कागद यांची प्रत सोबत ठेवा.

मग ते पान पीडीएफ म्हणून जतन करा. कागदी पासपोर्टच्या बाबतीत मूळ पासपोर्ट हातात घ्यायचा, फोटो आणि तपशिलाच्या पानाची स्पष्ट प्रत काढायची, आणि तिच्यावर ‘तपासणीची तारीख’ असं स्पष्ट लिहून तारीख टाकायची. नुसती कोपऱ्यातली तारीख कशाची ते सहा वर्षांनी कुणाला कळणार? ही प्रत माणूस नोकरीत असेपर्यंत आणि नोकरी सोडल्यावर पुढची दोन वर्षं जपून ठेवावी लागते. जागा ठरलेली असू द्या, फाइल किंवा फोल्डर काहीही. मालकाच्या फोनच्या गॅलरीत नातवाच्या वाढदिवसाच्या फोटोंमध्ये अडकलेला पासपोर्ट अधिकारी दारात उभे असताना सापडत नाही.

विद्यार्थी: सगळ्यात जास्त चुका इथेच

पदवी किंवा त्यावरच्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना साधारणतः आठवड्याला 20 तास काम करता येतं. त्याखालच्या अभ्यासक्रमाला 10 तास. ‘आठवडा’ म्हणजे सोमवार ते रविवार. सरासरी काढता येत नाही. या आठवड्यात 26 आणि पुढच्या आठवड्यात 14, म्हणून बरोबर, असं होत नाही. 26 वाला आठवडा उल्लंघनच.

रोटा, म्हणजे शिफ्टचं वेळापत्रक, कसा फसवतो ते बघा. मुलगी शुक्रवारी 6, शनिवारी 8, रविवारी 6 तास करते. बरोबर 20. बुधवारी एक जण आजारी पडतो म्हणून तिला तीन तास बोलावलं जातं. तो बुधवार त्याच सोमवार-रविवारात येतो, म्हणजे 23. त्या रविवारनंतरच्या सोमवारी बँक हॉलिडेला बोलावलं असतं तर ते तास पुढच्या आठवड्यात गेले असते. हे रोटा लावणाऱ्याला माहीत असावं, फक्त मालकाला माहीत असून भागत नाही. रोख पैशांत दिलेले तास मोजले जात नाहीत असंही काही जणांना वाटतं. ते मोजले जातातच, वर कर बुडवल्याचं वेगळं प्रकरण उभं राहतं.

20 तास हे तिच्या सगळ्या नोकऱ्या मिळून आहेत. सकाळी गोदामात 12 तास आणि तुमच्याकडे 12, असं असेल तर 24 झाले. रुजू होतानाच ‘दुसरीकडे काम करतेस का, किती तास?’ असं लेखी विचारून सही घ्या.

विद्यार्थ्याच्या बाबतीत शेअर कोडवर भागत नाही. सत्राच्या आणि सुट्टीच्या तारखांचा पुरावा तुम्ही मिळवून ठेवायचा असतो: विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचं त्या अभ्यासक्रमाचं वेळापत्रक किंवा विद्यापीठाचं पत्र. आणि इथे मास्टर्सवाल्यांचा मोठा घोळ आहे. मे-जूनमध्ये लेक्चर्स संपली की मुलं म्हणतात, ‘आता सुट्टी, फुल टाइम येतो.’ पण एक वर्षाच्या मास्टर्सला उन्हाळ्यात प्रबंधाचं काम चालू असतं आणि तो काळ सत्रातच धरला जातो. कॅम्पस ओस पडलेला असतो, पदवीची पोरं घरी गेलेली असतात, तरी त्याची मर्यादा 20 तासच. विद्यापीठाचं पत्र असल्याशिवाय त्या महिन्यांत तास वाढवू नका. अभ्यासक्रम अधिकृतपणे पूर्ण झाल्यावर व्हिसा असेपर्यंत पूर्णवेळ करता येतं, पण ‘पूर्ण’ कधी झाला याचाही कागद लागतो.

विद्यार्थ्याला स्वतःचा धंदा किंवा फ्रीलान्स करता येत नाही. त्यामुळे ‘तू इनव्हॉइस दे, मी पैसे देतो’ हा तोडगा विसरा. तो त्याच्या व्हिसाच्या मुळावर येतो.

बाकीचे व्हिसे, थोडक्यात

ग्रॅज्युएट व्हिसावाल्याला, म्हणजे इथला अभ्यासक्रम पूर्ण करून मागे राहिलेल्याला, तासांची मर्यादा नाही. स्किल्ड वर्करच्या (स्पॉन्सर मालकाने व्हिसावर आणलेल्या कुशल कामगाराच्या) डिपेंडंटला जवळपास कोणतंही काम करता येतं. 18 ते 30 वयाच्या भारतीयांसाठीची यंग प्रोफेशनल्स योजना दोन वर्षांची असते, तिथेही बहुतेक कामं खुली असतात. या तिघांसाठी शेअर कोड, तारखेची नोंद, संपलं.

स्किल्ड वर्करचं तसं नाही. तो एका स्पॉन्सरला आणि एका कामाला बांधलेला असतो. त्याला तुमच्याकडे यायचं असेल तर तुमच्याकडे लायसन्स हवं, त्याने नवा अर्ज करायला हवा, आणि मंजुरी येईपर्यंत त्याने तुमच्याकडे काम सुरू करायचं नाही. शनिवार-रविवारच्या जोडकामाला आठवड्याला 20 तासांची मुभा आहे, पण मूळ नोकरी चालू हवी, तिच्या वेळेबाहेर हवं आणि जोडकामही पात्र यादीतलं हवं. वेटर किंवा काउंटर यात बसत नाही. केअर होममधून काढलेली परिचित व्यक्ती ‘व्हिसा अजून वर्षभर आहे’ म्हणून किचनमध्ये काम मागते, तेव्हा व्हिसाची तारीख बघून फसू नका. अट बघा.

आणि व्हिजिटर. पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेले आई-वडील दुकानात येतात, बसून कंटाळतात, मग आई पोळ्या लाटायला घेते आणि बाबा गल्ल्यावर बसतात. घरात पोळ्या लाटल्या तर कुणाचं काही म्हणणं नाही. धंद्याच्या किचनमध्ये गिऱ्हाइकासाठी लाटणं, पगार नसला तरी, व्हिजिटरच्या अटींत बसत नाही. धाड पडली तर ‘ही माझी आई आहे’ हे खरं असून उपयोगाचं नाही, आणि पुढच्या वेळी तिच्याच व्हिसाचा प्रश्न येतो.

गोव्याचे पोर्तुगीज पासपोर्टवाले

स्विंडन, साउथॉल, वेम्बली भागांत पोर्तुगीज पासपोर्टवर आलेले गोंयकार बरेच आहेत. ब्रेक्झिटआधी तो पासपोर्ट दाखवला की काम मिळायचं. 1 जुलै 2021 पासून युरोपीय पासपोर्ट एकटा पुरावा ठरत नाही. ब्रेक्झिटनंतर युरोपीय रहिवाशांना मिळणारा सेटल्ड (कायम) किंवा प्री-सेटल्ड (तात्पुरता) दर्जा, किंवा दुसरा योग्य व्हिसा हवा, आणि तो शेअर कोडनेच तपासायचा. वर्षानुवर्षं इथे राबलेला माणूस पासपोर्ट टेबलावर ठेवून ‘आता आणखी काय हवं?’ म्हणतो, तेव्हा त्याला अपमान वाटणं साहजिक आहे. त्याला नियम बदलल्याचं समजावून सांगा आणि कोड काढायला मदत करा. अपवाद आयरिश नागरिकांचा. त्यांचा पासपोर्ट किंवा पासपोर्ट कार्ड पुरतं.

जुने लोक आणि जुने शिक्के

साठ-सत्तरच्या दशकात आलेल्या काहींच्या जुन्या भारतीय पासपोर्टवर कायमस्वरूपी वास्तव्याचा शिक्का असतो आणि पासपोर्टची मुदत कधीच संपलेली असते. असा संपलेला पासपोर्ट मालकाने पुरावा म्हणून धरायचा नाही. पण म्हणून त्या माणसाला हक्क नाही असंही नाही. 2018 मध्ये विंडरश प्रकरण गाजलं ते यावरूनच: कॅरिबियनमधून कायदेशीरपणे आलेल्या, आयुष्य इथे घालवलेल्या लोकांकडे कागद नव्हते आणि त्यांच्या नोकऱ्या गेल्या. 1989 पूर्वी आलेल्या व्यक्तीचं असं प्रकरण आलं तर दार बंद न करता होम ऑफिसच्या एम्प्लॉयर चेकिंग सर्व्हिसकडे, म्हणजे मालकांसाठीच्या पडताळणी सेवेकडे, विचारणा करा.

मुदत संपत आली, पुढे काय

व्हिसाला मुदत असेल तर ती संपण्याआधी पुन्हा तपासणी करायची. बहुतेकांनी तोवर मुदतवाढीचा अर्ज केलेला असतो आणि निकाल यायचा असतो. मुदत संपण्याआधी अर्ज केला असेल तर निकाल येईपर्यंत जुने हक्क चालू राहतात. मात्र तुमच्या फाइलला पुरावा हवा. आधी नवा शेअर कोड काढून बघा. ऑनलाइन काही दिसत नसेल तर एम्प्लॉयर चेकिंग सर्व्हिसकडे विचारणा टाका. तिथून होकाराची नोटीस आली की तुम्हाला सहा महिन्यांचा बचाव मिळतो, नंतर पुन्हा विचारायचं. अर्ज वेळेत झाल्याची तुमची खात्री असेल तर ही नोटीस मिळवायला मुदत संपल्यानंतर 28 दिवसांची सवलत असते. ही सवलत जुन्या कर्मचाऱ्यांसाठी आहे, नव्या माणसाला घेताना नाही.

नोटीस नकाराची आली तर कर्मचाऱ्याला बोलावून समोर बसवा, त्याच्याकडचे कागद मागा, आणि रोजगाराच्या वकिलाला फोन करा. रागाच्या भरात मेसेज करून काढून टाकलं आणि नंतर हक्क असल्याचं निघालं, तर तो तुमच्यावर एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलमध्ये, म्हणजे रोजगार न्यायाधिकरणात, दावा लावू शकतो.

सगळ्यांना एकच नियम

फक्त सावळ्या चेहऱ्याच्या किंवा परकं नाव असलेल्या अर्जदारांकडे कागद मागणं हा 2010 च्या समानता कायद्याखाली भेदभाव ठरतो. आपण भारतीय आहोत म्हणून आपल्याला ते लागू नाही असं नाही. उलट आपल्याकडे उलटा प्रकार होतो: पोलंडच्या बाईंकडे सगळं मागितलं जातं आणि आपल्या मुलाला तसंच आत घेतलं जातं. डेव्हिड नावाच्या गोऱ्या माणसाकडेही पासपोर्ट मागा, आणि चुलतभावाकडेही. कोणत्या टप्प्यावर मागणार तेही ठरवून टाका. निवड झाल्यावर, ऑफर लेटरसोबत, हे सोयीचं. ‘कामाच्या हक्काची तपासणी पूर्ण झाल्यावरच ही ऑफर पक्की होईल’ एवढं वाक्य त्यात असावं.

डिलिव्हरी करणारे आणि स्वतंत्र कंत्राटावरचे लोक आजवर या दंडाच्या कक्षेबाहेर राहिले, कारण कायदा नोकरीच्या कराराबद्दल बोलत होता. ती कक्षा वाढवण्याची तरतूद 2025 मध्ये झाली आहे. ज्यांच्या धंद्यात रायडर आहेत त्यांनी आत्तापासूनच सगळ्यांची तपासणी सुरू केलेली बरी.

चालू धंदा विकत घेताना

रेस्टॉरंट माणसांसकट विकत घेतलं की जुने कर्मचारी आपोआप तुमचे होतात, आणि त्यांच्या कागदांतले खड्डेही. ताबा मिळाल्यापासून 60 दिवसांत त्यांची नव्याने तपासणी करून घेता येते. ‘आधीच्या मालकाने सगळं तपासलंय’ या तोंडी हमीवर थांबू नका. त्याची तपासणी चुकीची असेल तर दंड तुमच्या नावावर येतो. सौद्याच्या वेळीच फाइल मागा. फाइल नाही म्हणाला तर किमतीवर बोलायला तुम्हाला एक मुद्दा मिळाला.

अधिकारी आलेच तर

इमिग्रेशन अधिकाऱ्यांना ते कोणत्या अधिकारावर आत येत आहेत ते विचारा आणि ओळखपत्र बघा. दारू किंवा रात्रीच्या खाण्याचा परवाना असलेल्या जागी त्यांना वॉरंटशिवायही येता येतं. मागच्या दाराने कुणाला बाहेर काढू नका. त्याने प्रकरण फौजदारीकडे झुकतं. फाइल दाखवा, प्रती देताना नोंद ठेवा. नंतर माहिती मागणारं पत्र येतं. त्याला वेळेत, कागदांसह उत्तर द्या, कारण सहकार्य केल्याबद्दल दंडात 5,000 पौंडांची सूट असते. संशयित कामगाराची खबर तुम्ही स्वतःहून आधीच दिली असेल तर आणखी 5,000.

दंडाची नोटीस आल्यावर 28 दिवसांत पैसे भरायचे किंवा हरकत नोंदवायची. पहिलीच वेळ असेल आणि 21 दिवसांत भरले तर 30 टक्के कमी होतात. हरकत फेटाळली गेली तर पुढे 28 दिवसांत काउंटी कोर्टात अपील, स्कॉटलंडमध्ये शेरीफ कोर्टात. 21 आणि 28 हे दोन्ही आकडे नोटिसीच्या पाकिटावरच लिहून ठेवा आणि त्याच दिवशी वकिलाची वेळ घ्या. ख्रिसमसच्या गर्दीत पाकीट गल्ल्याखाली पडून राहिलं तर हरकतीची मुदत तिथेच संपते.